प्रकाश-कक्षा
अतिशय घन वस्तूभोवती प्रकाशकिरण ज्या वर्तुळाकार मार्गाने फिरू शकतो, त्यास प्रकाश-कक्षा म्हणतात. अशा कक्षेसाठी वस्तुमान प्रचंड असणे पुरेसे नसून ते अत्यल्प जागेत सामावलेले असावे लागते.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया जेऊर (जि. सोलापूर) ते पुलगाव (जि. वर्धा) या वाटेने जाताना सध्याच्या यवतमाळ (तत्कालीन वणी) जिल्ह्यावरूनही गेली. जेऊर येथे पुण्याचे कावसजी नायगामवाला, तर पुलगाव येथे न्यूऑल व कॅप्टन हिल्स या ब्रिटिश निरीक्षकांची पथके होती. त्यांचा भर सूर्याच्या किरीटावर व वर्णपटावर होता. सूर्यालगतच्या ताऱ्यांचे स्थानांतर मोजणे हा ग्रहण-निरीक्षणाचा विषय अद्याप झाला नव्हता. सूर्याच्या कडेजवळून येणारा किरण १·७५ सेकंद (कोनीय) इतका वळतो, असे आइन्स्टाइन यांनी १९१५ मध्ये व्यापक सापेक्षता सिद्धांतावरून काढले. २९ मे १९१९ च्या ग्रहणात या निष्कर्षास पुष्टी मिळाली.

हे विचलन पूर्ण वर्तुळाइतके वाढू शकेल काय, याचे उत्तर श्वार्ट्सशिल्ट यांनी १९१६ मध्ये मिळविलेल्या निर्वाहात होते. त्याआधारे हिल्बर्ट यांनी १९१७ मध्ये प्रकाशाच्या वर्तुळाकार मार्गाचा विचार केला. न फिरणाऱ्या कृष्णविवराच्या बाबतीत ही कक्षा घटना-क्षितिजाच्या त्रिज्येच्या दीडपट अंतरावर असते. सूर्याच्या वस्तुमानास हे अंतर सु. ४·४ किमी. येते, सूर्याची त्रिज्या मात्र सु. ७ लाख किमी. असल्याने त्याच्याभोवती प्रकाश फिरू शकत नाही. शिवाय ही कक्षा अस्थिर असते. किरण किंचित आत ढळल्यास कृष्णविवरात पडतो व बाहेर ढळल्यास निसटून जातो. त्यामुळे प्रकाश तेथे कायम साठून राहत नाही.

मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये वीरभद्र, नरसिंह व शशिकुमार चित्रे यांनी १९९८ मध्ये अदिश क्षेत्रयुक्त वस्तुमानाजवळील प्रकाश-विचलनाचे गणित मांडले. क्लॉडेल, वीरभद्र व एलिस यांनी २००१ मध्ये प्रकाश-कक्षेच्या कल्पनेस व्यापक भूमितीय रूप दिले.

१० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या एम ८७ दीर्घिकेच्या केंद्राच्या प्रतिमेत तेजस्वी कड्याच्या आत काळोखी छाया दिसते. कक्षेच्या निकट येऊन आत खेचले जाणारे व निसटणारे किरण यांच्यातील सीमेमुळे अशी छाया निर्माण होते. परंतु छाया दिसली म्हणून क्षितिज सिद्ध होते काय? पंकज जोशी व त्यांचे सहकारी यांनी २०१९ मध्येच दाखविले की, क्षितिज नसलेल्या काही सैद्धांतिक वस्तूंभोवतीही प्रकाश-कक्षा असल्यास तशीच छाया पडू शकते. म्हणून छाया हा प्रकाश-कक्षेचा सबळ पुरावा असला, तरी केवळ तिच्यावरून क्षितिजाचे अस्तित्व निर्विवाद ठरत नाही.