हरणालाही चालेल, कोयोटलाही चालेल अशी एकच हलकी रायफल? अमेरिकेतले शिकारी ती निवडतात कशी?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात हरणाच्या शिकारीचा हंगाम अनेक वर्षं थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू व्हायचा, आणि त्या दिवशी कित्येक शाळांना चक्क सुट्टी असायची. 2019 पासून हंगाम शनिवारी सुरू होतो, पण बऱ्याच शाळांनी सोमवारची सुट्टी सोडलेली नाही!

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. पिकांत घुसणाऱ्या रानडुकरासाठी किंवा रोह्यासाठीसुद्धा वनखात्याची परवानगी लागते. तिकडे मात्र लायसन्स काढून, ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या संख्येत हरीण मारणं कायदेशीर आहे. त्यामुळे 'कोणती रायफल घेऊ?' हा प्रश्न तिथल्या दुकानांत आपल्याकडच्या 'कोणती बाईक घेऊ?' इतकाच रोजचा असतो.

त्यातलीच एक नेहमीची मागणी म्हणजे वजनाला हलकी, आणि हरीण व 'व्हार्मिंट' दोन्हींना चालेल अशी रायफल. व्हार्मिंट म्हणजे उपद्रवी प्राणी. कोकरं पळवणारा कोयोट, शेतात बिळं करणारा वुडचक, आणि प्रेअरी डॉग, जो नावाने कुत्रा असला तरी कुळाने खारीचा भाऊबंद आहे.

आधी काडतूस, मग रायफल

नवखा माणूस आधी कंपनीचं नाव बघतो. अनुभवी माणूस काडतूस ठरवतो.

व्हाइटटेल हरीण साधारण 50 ते 100 किलोचं. प्रेअरी डॉग जेमतेम एक किलोचा. एकाला आत खोलवर जाणारी गोळी लागते, तर दुसऱ्याला हलकी, वेगवान आणि सरळ रेषेत जाणारी. हे दोन्ही जमवण्यासाठी 1955 मध्ये विंचेस्टर कंपनीने .308 च्या काडतुसाची मान आवळून .243 विंचेस्टर बाजारात आणलं. त्यात 100 ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे 900 मीटर वेगाने सुटते, तर 55-58 ग्रेनची गोळी 1100 मीटरहून जास्त वेगाने.

ग्रेन हे माप अनोळखी वाटत असेल तर सोनाराकडचा तोळा आठवा. इंग्रजांनी तोळा बरोबर 180 ग्रेनचा ठरवला होता. म्हणजे हरणासाठीची ही गोळी अर्ध्या तोळ्याहून थोडी जास्त, साडेसहा ग्रॅमची.

गंमत अशी की त्याच वर्षी रेमिंग्टनने .244 हे जवळपास जुळं काडतूस आणलं आणि ते आपटलं. कारण होतं नळीच्या आतला पीळ. रायफलच्या नळीत पीळदार खाचा असतात, त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि स्थिर राहते. गोळी जितकी लांब आणि जड, तितका पीळ घट्ट हवा. विंचेस्टरने 10 इंचांत एक फेरा ठेवला, रेमिंग्टनने 12 इंचांत. रेमिंग्टनला वाटलं, लोक हे काडतूस छोट्या प्राण्यांसाठीच घेतील. त्यामुळे त्यांनी हलक्या गोळ्यांपुरता पीळ दिला.

पण लोकांना हरणासाठी 100 ग्रेनची गोळीही हवी होती. गिऱ्हाईक विंचेस्टरकडे वळलं. रेमिंग्टनने पुढे पीळ 9 इंचांवर आणला आणि 1963 मध्ये नाव बदलून 6 मिमी रेमिंग्टन केलं, पण तोवर बाजार गेला होता.

हा किस्सा जुना असला तरी आजही कामाचा आहे. कॅलिफोर्नियात जुलै 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे. शिशाऐवजी तांब्याची गोळी घेतली तर ती त्याच वजनात जास्त लांब होते आणि तिला घट्ट पीळ लागतो. म्हणून रायफल घेताना नळीवर किंवा माहितीपत्रकात पिळाचा आकडा बघाच.

तसाच राज्याचा नियमही बघायला हवा. कोलोरॅडोत हरणासाठी किमान 6 मिमी व्यासाची आणि 70 ग्रेनची, लागल्यावर पसरणारी गोळी लागते. म्हणजे लोकप्रिय .223 तिथे हरणासाठी बाद, .243 मात्र पास.

रायफल एक चालेल, गोळी एक चालत नाही

व्हार्मिंटची गोळी लागल्याक्षणी फुटून चुरा होईल अशी बनवलेली असते. सपाट माळरानावर ती जमिनीवर आपटून दूर उसळत नाही, हा तिचा फायदा. पण हीच गोळी हरणाच्या खांद्यावर लागली तर आत न जाता वरच्या वर फुटू शकते. मोठी जखम होते, हरीण पळतं आणि दोन दिवस तडफडून कुठेतरी झुडपात मरतं. शिकाऱ्याला ते सापडतही नाही. हे टाळायचं असेल तर खोक्यावर 'डिअर' किंवा 'बिग गेम' असा उल्लेख असलेलीच गोळी घ्यावी आणि पुढच्या पायामागे, हृदय-फुफ्फुसाच्या जागीच नेम धरावा. .243 मध्ये चुकीला फारशी माफी नाही. तशी खात्री नसेल तर 6.5 क्रीडमूर किंवा .308 घेतलेलं बरं.

शिवाय 58 आणि 100 ग्रेनच्या गोळ्या एकाच जागी लागत नाहीत. गोळी बदलली की रेंजवर जाऊन स्कोप पुन्हा जुळवावा लागतो. आळस केला तर पुन्हा तेच जखमी हरीण.

हलकी म्हणजे नेमकी किती?

साधी शिकारी रायफल 3.2 ते 3.6 किलोची असते. तीन किलोच्या आत आली की तिला हलकी म्हणतात. विंचेस्टरने 1952 मध्ये मॉडेल 70 चं 'फेदरवेट' रूप आणलं. 1980 च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियातल्या मेल्विन फोर्ब्स यांनी लाकडाऐवजी केव्हलार-ग्रॅफाइटचा दस्ता वापरून वजन आणखी उतरवलं. आज फिनलंडची टिक्का टी3एक्स लाइट किंवा अमेरिकेची किंबर मोंटाना ही नावं यात वारंवार येतात.

पण जाहिरातीतलं वजन रिकाम्या रायफलचं असतं. स्कोप, तो बसवायच्या कड्या, पट्टा आणि चार-पाच काडतुसं धरली की सहज 700 ग्रॅम वाढतात. एवढे पैसे मोजून हलकी रायफल घ्यायची आणि त्यावर भलामोठा स्कोप चढवायचा, हा प्रकार तिकडेही सर्रास चालतो!

हलकेपणाची किंमतही असते. तीच गोळी 3.6 किलोऐवजी 2.7 किलोच्या रायफलीतून उडवली तर खांद्याला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. .243 चा धक्का मुळात सौम्य, म्हणून ते चालून जातं. मोठ्या काडतुसात मात्र माणूस धक्क्याच्या भीतीने चाप ओढतानाच डोळे मिटतो आणि नेम चुकतो. उभं राहून नेम धरताना हलकी नळी श्वासागणिक डुलते, चाप जड असेल तर आणखीच हलते.

तिसरी अडचण उष्णतेची. पातळ नळी तीन-चार गोळ्यांत तापते आणि नेम सरकू लागतो. हरणाला किंवा कोयोटला एक-दोनच गोळ्या लागतात, तिथे काही बिघडत नाही. पण प्रेअरी डॉगच्या वसाहतीवर लोक दिवसाला शंभर-दोनशे गोळ्या झाडतात. तिथे ही रायफल नेऊ नये, नेमही जातो आणि नळीही झिजते. त्यासाठी जाड नळीची .223 वेगळी ठेवावी.

आणि झाडावरच्या मचाणात बसूनच शिकार करणार असाल तर हलकेपणाचा काय उपयोग? डोंगर चढणाऱ्याने अर्धा किलो वाचवावा, बसणाऱ्याने नाही.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी

ऑफिसातला मित्र शिकारीला बोलावतो, तेव्हा ही गोष्ट माहीत हवी. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. कुठल्याही राज्याचं वैध हंटिंग लायसन्स असेल तर सूट मिळते, पण लायसन्सची मुदत संपली की सूटही संपते. ग्रीन कार्डधारकांना ही अट नाही. मित्राची रायफल हातात घेणंसुद्धा 'बाळगणं' ठरू शकतं, म्हणून आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स आणि लायसन्स, मग रेंज.

दुकानात गेलात तर दुकानदाराला आधी रायफल रिकामी असल्याचं उघडून दाखवायला सांगा आणि स्वतःही बघा. मग त्याच्या परवानगीने, तो दाखवेल त्या सुरक्षित दिशेला तोंड करून, डोळे मिटून ती खांद्याला लावा आणि डोळे उघडा. स्कोपमधलं चित्र पूर्ण गोल आणि स्वच्छ दिसलं तर दस्त्याची लांबी तुम्हाला जुळते. मान पुढे-मागे करावी लागली तर दुसरी मागा.