ॲटमच्या कवचाची कुळकथा

ब्राउझरमध्ये चालणारे वेब-ॲप आणि संगणकावर रीतसर बसवावे लागणारे, पण आतून वेबच्याच भाषांत लिहिलेले संकरित डेस्कटॉप सॉफ्टवेअर ही दोन प्रतिस्पर्धी घराणी मानली जात असली, तरी दोघांचेही धागे मायक्रोसॉफ्टच्या १९९९ सालच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ पर्यंत मागे नेता येतात. आउटलुकची टपालपेटी ब्राउझरात उघडता यावी म्हणून घडवलेली, संपूर्ण पान पुन्हा न आणता सर्व्हरकडून हवी तेवढीच माहिती मागवण्याची सोय त्या आवृत्तीत आली आणि तिच्याच बळावर २००४ मध्ये जीमेल उभे राहिले. एचटीए ही फाइलही तिथलीच: एचटीएमएलमध्ये लिहिलेली, परंतु स्वतंत्र खिडकीत उघडणारी आणि डिस्कवरील फायलींना हात लावू शकणारी. हा अधिकार व्हायरस लिहिणाऱ्यांच्याही पथ्यावर पडला, हे ओघानेच आले.

वेब-पानाला डिस्कपासून दूर ठेवणे हा ब्राउझरच्या सुरक्षिततेचा पाया, आणि संकरित सॉफ्टवेअरची गरज नेमकी या मनाईतून निर्माण झाली. रायन डाल यांच्या नोड.जेएसने २००९ मध्ये जावास्क्रिप्टला ब्राउझरबाहेर फायली हाताळण्याच्या कामी लावले. २०११ मध्ये इंटेलच्या रॉजर वांग यांनी नोडची वेबकिट या पाने रेखाटणाऱ्या इंजिनाशी सांगड घातली. त्या प्रकल्पावर काम केलेल्या चेंग झाओ यांनी २०१३ मध्ये गिटहबच्या ‘ॲटम’ या प्रोग्रॅम लिहिण्याच्या एडिटरसाठी ‘ॲटम शेल’ हे कवच रचले.

त्यातील खरे कसब पडद्यामागचे आहे. माउस-कळफलकाच्या घटनांची वाट पाहणारे खिडकीचे चक्र आणि फायली-नेटवर्कच्या घटनांची वाट पाहणारे नोडचे चक्र वेगवेगळे असते, व एका थ्रेडवर दोन्ही चक्रे एकाच वेळी थांबून राहू शकत नाहीत. ठरावीक अंतराने एकातून दुसऱ्यात डोकावण्याच्या आरंभीच्या उपायाने प्रोसेसर विनाकारण राबे आणि तरीही कामे रेंगाळत. अखेरीस नोडवर नजर ठेवण्यास वेगळा थ्रेड नेमून, काही घडताच त्याने मुख्य थ्रेडला वर्दी द्यावी, ही युक्ती टिकली.

एप्रिल २०१५ मध्ये या कवचाचे नाव ‘इलेक्ट्रॉन’ झाले आणि त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने त्यावर बेतलेला व्हीएस कोड हा एडिटर जाहीर केला. प्रत्येक ॲपने क्रोमियम ब्राउझरची स्वतःची प्रत वागवायची, म्हणून डिस्क व मेमरी दोन्ही खर्ची पडतात, ही तक्रार रास्तच आहे. मात्र त्या प्रतीमुळेच वापरणाऱ्याकडे कोणता ब्राउझर आहे याची चिंता प्रोग्रॅमरला उरत नाही. ॲटम डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी पहिली पूर्ण आवृत्ती आलेल्या ‘टॉरी’ या इलेक्ट्रॉनसारख्याच कवचाने क्रोमियमची प्रत टाळून ऑपरेटिंग सिस्टिमच्याच इंजिनावर भिस्त ठेवली, आणि त्याबरोबर एकच पान विंडोज, मॅक व लिनक्सवर वेगवेगळे तपासून पाहण्याचा जुना ताप प्रोग्रॅमरच्या मागे पुन्हा लागला.