परिपक्वतेची मोजपट्टी

१९७२ साली अमेरिकेत एक अहवाल प्रसिद्ध झाला आणि तेथील बिशपांची पंचाईत झाली. कारण तो त्यांनीच मागविला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर अनेक धर्मगुरू गुरुपद सोडून जात होते. तेव्हा बिशपांच्या राष्ट्रीय परिषदेने धर्मगुरूंच्या जीवनाचा इतिहास, समाजशास्त्र व मानसशास्त्र अशा अंगांनी अभ्यास करविला. त्यातील मानसशास्त्राची बाजू शिकागोच्या लोयोला विद्यापीठातील युजीन केनेडी व व्हिक्टर हेक्लर यांनी सांभाळली. केनेडी तेव्हा स्वतः मेरीनॉल संघाचे धर्मगुरू होते. पुढे १९७७ साली त्यांनीही गुरुपद सोडले.

२७१ धर्मगुरूंच्या मुलाखती झाल्या, लेखी चाचण्या झाल्या आणि चार गट पाडण्यात आले: विकसित १९, विकसनशील ५०, अल्पविकसित १७९, विकास बिघडलेले २३.

या आकड्यांनी हादरून जाण्यापूर्वी मोजपट्टी कशी घडत गेली, हे पाहिले पाहिजे. १९४३ साली हॅथवे व मॅकिन्ली यांची मिनेसोटा व्यक्तिमत्त्व प्रश्नावली प्रसिद्ध झाली. ती मनोविकार ओळखण्यासाठी होती. तिच्यातील 'सामान्य' माणसे म्हणजे बहुतांशी विद्यापीठाच्या रुग्णालयात रुग्णांना भेटायला आलेले आप्तेष्ट! १९४८ साली येशूसंघीय विल्यम बीअर यांनी तीच पट्टी सेमिनरीच्या विद्यार्थ्यांना लावली आणि वैद्यक, दंतवैद्यक, कायदा व कॉलेजच्या विद्यार्थ्यांशी त्यांची तुलना केली. सगळेच विद्यार्थी त्या सामान्यांपासून थोडेफार ढळलेले निघाले. सेमिनरीचे सर्वांत अधिक. मग बीअर यांनी सेमिनरीजीवनाला गैरलागू अशी विधाने वगळून प्रश्नावली सुधारली. दोष मुलांत होता की पट्टीत, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता.

शिवाय विकार नाही म्हणजे परिपक्वता आहे, असे थोडेच आहे? आपल्याकडे १९९०च्या सुमारास यशवीर सिंग व महेश भार्गव यांची ४८ प्रश्नांची भावनिक परिपक्वता श्रेणी रूढ झाली. तिच्यात गुण जितके जास्त, तितकी परिपक्वता कमी! मोजले जाते ते अस्थैर्य, परावलंबन, समाजाशी न जुळणे. म्हणजे पुन्हा उणीवच.

केनेडींनी उणिवेपलीकडे, वाढीकडे पाहिले, हे त्यांचे श्रेय. त्यांचे १७९ अल्पविकसित धर्मगुरू आजारी नव्हते. ते नेमाने मिस्सा करीत, वरिष्ठांचे ऐकत, धर्मग्राम चालवीत. पण त्यांना जिवाभावाचे मित्र थोडे होते. स्वतःच्या भावनांविषयी विचारले की ते विचारांच्या आड जात. आणि 'मी कोण' याचे उत्तर बहुधा झग्यापाशी येऊन थांबे. अन्य व्यवसायांतील पुरुषांच्या मुलाखती या अभ्यासात नव्हत्या, तेव्हा हे केवळ धर्मगुरूंचेच लक्षण म्हणता येणार नाही. केनेडींनीही त्यांना सामान्य माणसेच म्हटले. तो तक्ता वाचताना त्या १९ जणांत जाऊन बसण्याचा मोह आम्हाला होतो. ओळखीचे चेहरे मात्र १७९ जणांत दिसतात. लहान वयात सेमिनरीत जाऊन घंटेबरोबर उठणाऱ्या, विशेष मैत्रीपासून जपल्या जाणाऱ्या मुलाची मोजणी करताना ती पट्टी त्या सेमिनरीचीही मोजणी करीत होती, असे आम्हाला वाटते.

चाचण्या टिकल्या, पण त्यांना कुंपण पडले. २००८ साली रोमच्या कॅथॉलिक शिक्षणविषयक मंडळाने स्पष्ट केले की, उमेदवाराच्या पूर्ण जाणिवेने दिलेल्या मुक्त संमतीवाचून त्याची मानसशास्त्रीय तपासणी करता येणार नाही. हे आधी व्हायला हवे होते.

अशा चाचणीने दारातच धोका अडेल, ही आशा मात्र फोल ठरली. अल्पवयीनांच्या लैंगिक शोषणाविषयी न्यूयॉर्कच्या जॉन जे कॉलेजने २०११ साली अमेरिकेच्या बिशपांना अहवाल दिला. शोषण करणाऱ्या धर्मगुरूंना इतरांपासून वेगळे ओळखता येईल, असे एकही मानसशास्त्रीय लक्षण त्यात सापडले नाही. फरक दिसला तो अन्यत्र: सेमिनरीत असताना मानवी घडणीचे शिक्षण कोणाला मिळाले होते आणि कोणाला नाही.