सहा डब्यांची सहा कडी

सहा भरलेले डबे एका हाताने उचलून न्यायचे आहेत. डबे निसटता कामा नयेत, आणि बांधणीला सामानही कमीत कमी लागले पाहिजे. काय कराल? विसाव्या शतकात अमेरिकेतील पेयांच्या कारखानदारांपुढे हा प्रश्न होता. त्याला जे उत्तर सापडले त्याची हकीकत आम्हांला वर्गात सांगण्याजोगी वाटते.

कोका-कोला कंपनीने १९२३ मध्ये सहा बाटल्या घरी नेण्यासाठी पुठ्ठ्याचे खोके आणले. पुढे २४ जानेवारी १९३५ रोजी व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड येथे डबाबंद बिअर प्रथमच विक्रीस आली. डब्यांचे गठ्ठेही बरीच वर्षे पुठ्ठ्यातच बांधले जात. पण पुठ्ठा डब्यांना सगळीकडून वेढतो, म्हणजे खर्च आला. आणि शीतकपाटात ओला झाला की मऊ पडतो.

शिकागोच्या ‘इलिनॉय टूल वर्क्स’ या कंपनीतील उग्ल्येशा ज्यूल्स पुपिच यांनी डब्याकडे निराळ्या नजरेने पाहिले. डब्याला झाकण बसवताना दोन्हींचे काठ एकमेकांत दुमडतात आणि वर एक किंचित पुढे आलेली कडा तयार होते. मग सगळा डबा कशाला वेढायचा? या कडेखाली नेमके पकडले की झाले! पुपिच यांच्या पट्टीचे पेटंट १९५९ मध्ये मंजूर झाले. कमी घनतेच्या पॉलिएथिलीनच्या पातळ पत्र्याला सहा भोके पाडायची, प्रत्येक भोक डब्याच्या घेरापेक्षा लहान. यंत्र ते ताणून डब्यावर चढवते. ताणलेले प्लॅस्टिक मूळ आकाराला येऊ पाहते आणि कडेखाली आवळून बसते. डिंक नको, गाठ नको. शेजारच्या दोन कड्यांना मधली भिंत सामाईक असते, आणि भोकांतून निघालेले तुकडे वितळवून पुन्हा वापरता येतात. सहा भरलेल्या डब्यांचे वजन सव्वादोन किलोच्या आसपास भरते. ते पेलणारी पट्टी मात्र काही ग्रॅमचीच.

याचा प्रयोग दुधाच्या रिकाम्या पिशवीवर करता येईल. पिशवी पॉलिएथिलीनचीच असते. दोन-तीन पदर घेऊन, पाण्याच्या बाटलीच्या मानेवर जे कडे असते त्याहून थोडे लहान भोक पाडावे आणि ते बुचावरून दाबून कड्याखाली उतरवावे. भरलेली बाटली उचलली जाते. भोकाची कड मात्र गुळगुळीत कापावी. बारीकशी चीर राहिली तरी सारा ताण तिथे एकवटतो आणि पिशवी तेथूनच फाटते.

आता दुसरी बाजू. जे भोक डब्याला पकडते ते मानेलाही पकडते. हलकी पट्टी पाण्यावर तरंगते, नजरेत भरत नाही आणि कुजत नाही. पक्षी, मासे, सील तिच्यात अडकू लागले. १९९३ मध्ये मिसुरी राज्यात एक कासव सापडले. लहानपणीच ते अशा कड्यात शिरले होते. कवच वाढत गेले, कडे मात्र वाढले नाही, आणि कासवाला इंग्रजी आठाच्या आकड्याचा आकार आला. कडे काढल्यावरही कवच तसेच राहिले. ‘पीनट’ या नावाने ते पुढे प्रसिद्ध झाले. टाकण्यापूर्वी प्रत्येक कडे कात्रीने कापावे, असे अमेरिकेतील मुलांना शिकवले जाई.

कायदा त्याआधीच झाला होता. १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने या पट्ट्या विघटनशील असाव्यात असे ठरवले. तोवर सोळा राज्यांनी तसे कायदे केलेच होते. नियम १९९४ मध्ये आले. त्यांतील एका कसोटीनुसार, २६ अंश उत्तर अक्षांशाच्या दक्षिणेकडील अमेरिकी समुद्रात, जून-जुलैच्या उन्हात, प्लॅस्टिक ३५ दिवसांत इतके ठिसूळ व्हावे लागे की मूळ लांबीच्या पाच टक्के ताणताच तुटावे.

रसायनशास्त्रज्ञांनी हे साधले ते एथिलीनच्या साखळीत थोडा कार्बन मोनॉक्साइड गुंफून. त्यामुळे साखळीत अधूनमधून कार्बोनिल गट येतात. साधे पॉलिएथिलीन अतिनील किरण फारसे शोषत नाही. कार्बोनिल गट शोषतो, आणि त्या ऊर्जेने साखळी तिथे तुटते. दुकानात, घरात पट्टी मजबूत, उन्हात ठिसूळ. कल्पना सुरेख आहे. पण पट्टी पाण्यात खोल गेली किंवा तिच्यावर शेवाळ चढले तर हे किरण पोचत नाहीत. शिवाय ठिसूळ होऊन तुकडे पडणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. गळ्याचा फास सुटतो, प्लॅस्टिक मात्र कणांच्या रूपाने उरते. एवढ्यावर समाधान मानणे आम्हांला पटत नाही.

नंतरचे प्रयत्न निरनिराळ्या दिशांनी झाले. २०१६ मध्ये फ्लॉरिडातील एका बिअर उत्पादकाने गहू व सातूच्या चोथ्यापासून केलेली कडी पुढे आणली. २०१८ मध्ये डेन्मार्कच्या कार्ल्सबर्गने कडी काढूनच टाकली: डबे डिंकाच्या ठिपक्यांनी एकमेकांना चिकटवायचे आणि उचलायला प्लॅस्टिकची अरुंद मूठ ठेवायची. यात प्लॅस्टिक ७६ टक्क्यांपर्यंत वाचते असे कंपनीने सांगितले. इथे कस लागतो तो डिंकाचा. ट्रकच्या हादऱ्यांत आणि शीतकपाटाच्या ओलाव्यात तो सुटता कामा नये, आणि डबा हाताने नुसता पिरगाळला की सुटलाच पाहिजे.