पाच हजार वर्षं आणि आईचा गुडघा

गेल्या महिन्यात आईला ॲक्युपंक्चरला घेऊन गेले. तेव्हापासून "काय गं, सुयांनी फरक पडला का?" असे फोन सुरू आहेत. मावशी, काकू आणि बाकी सगळे, एकदाच सविस्तर लिहून टाकते.

दवाखान्यात भिंतीवर मोठा फलक होता, 'पाच हजार वर्षांची परंपरा'. शेजारी डॉ. कोटणीसांचा फोटो. आई फलक वाचून म्हणाली, "एवढी वर्षं टिकलंय म्हणजे खरंच असणार." मी गप्प बसले. पण ते पाच हजार वर्षं काही डोक्यातून जाईना. घरी येऊन वाचत बसले.

चीनमध्ये मावांगदुई इथे १९७३ साली एका थडग्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे ग्रंथ सापडले. थडगं इ. स. पू. १६८ मधलं. त्या ग्रंथांत शरीरातल्या वाहिन्यांचं वर्णन आहे, औषधी पाल्याचा शेक आहे, पण सुया टोचून उपचार करणं नाही! सुयांचं शास्त्र नीट मांडलेलं दिसतं ते 'हुआंगदी नेइजिंग' या ग्रंथात, आणि त्याचं संकलन साधारण इ. स. पू. पहिल्या शतकातलं मानतात. म्हणजे झाली दोन हजार वर्षं. तीही काही थोडी नव्हेत म्हणा.

पण ती सलग नाहीत. १८२२ मध्ये दाओगुआंग सम्राटाने राजवैद्यांच्या संस्थेतून सुयांचा उपचार काढूनच टाकला. १९२९ मध्ये तर देशी वैद्यकच बंद करावं असा प्रस्ताव तिथल्या सरकारपुढे आला, आणि वैद्यांनी एकजुटीने विरोध केला म्हणून तो बारगळला. जुन्या सुया जाड असत, त्यांनी गळवं फोडत, रक्तही काढत. आज दिसणाऱ्या बारीक सुयांचा आग्रह चेंग दानआन या वैद्याने धरला तो १९३०च्या दशकात. पुढे १९४९ नंतर नव्या राजवटीसमोर प्रश्न होता, देश अफाट आणि डॉक्टर मूठभर. मग १९५०च्या दशकात निरनिराळ्या घराण्यांची विद्या एकत्र करून महाविद्यालयं काढली, पाठ्यपुस्तकं लिहिली. आपल्याकडे येते ती ही घडी. वाडा पणजोबांचा, पण भिंती आजोबांनी नव्याने बांधलेल्या, तसं काहीसं.

आणि कोटणीस? आपले सोलापूरचे. शांतारामबापूंचा १९४६ चा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' आईने पाहिलेला, त्यामुळे तिला वाटत होतं की सुया त्यांनीच आणल्या. तसं नाही. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात कोटणीस होते. त्यांनी तिथे जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या आणि १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. ॲक्युपंक्चर भारतात आणलं ते त्याच पथकातल्या कोलकात्याच्या डॉ. बिजयकुमार बसूंनी. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते चीनमध्ये शिकून आले आणि कोलकात्यात उपचार करू लागले. भिंतीवर फोटो मात्र कोटणीसांचा. मित्राचं ऋण म्हणून असेल, शोभतोही.

आता प्रत्यक्ष काय होतं ते. आधी भरपूर प्रश्न... झोप, भूक, पोट, घाम. जीभ बघतात, दोन्ही मनगटांची नाडी तीन बोटांनी बघतात (आईला आजोळचे वैद्य आठवले). मग केसासारख्या बारीक सुया. टोचताना मुंगी चावल्यासारखं, नंतर जडपणा किंवा झिणझिण्या. वीस मिनिटं ते अर्धा तास पडून राहायचं. सुया पाकिटबंद, एकदाच वापरायच्या असाव्यात, ते डोळ्यांनी बघून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पेसमेकर बसवलेला असेल तर आधीच सांगा.

फरक पडतो का? २००७ मध्ये जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर केलेला मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी, ठरलेल्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्के लोकांना आराम होता. मुद्दाम भलत्याच जागी, वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना. आणि नेहमीचे उपचार, म्हणजे गोळ्या, व्यायाम वगैरे घेणाऱ्यांपैकी २७.४ टक्क्यांना. म्हणजे आराम खरा, पण नेमक्या बिंदूचं माहात्म्य फारसं नाही. अर्धा तास कुणीतरी आपल्या दुखण्याकडे लक्ष देतं, हात लावतं, धीर देतं, त्याचाही त्यात वाटा असणारच.

हे सगळं आईला सांगणार होते, तेवढ्यात तिची गोळ्यांची डबी उघडली. बीपीच्या गोळ्या आठ दिवसांच्या तशाच! "सुया चालू आहेत ना, मग कशाला? पाच हजार वर्षं लोक गोळ्यांशिवायच जगले ना?" माझ्या पोटात गोळा आला. बीपी मोजलं तर चांगलंच चढलेलं. त्याच रात्री आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला, गोळी पुन्हा सुरू झाली.

फलकावरच्या आकड्याचा इतका राग मला का आला, ते मला त्या रात्री कळलं. थू योयो बाईंनी चौथ्या शतकातल्या चिनी ग्रंथातल्या एका सूचनेवरून मलेरियाचं औषध शोधलं, २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण ग्रंथ जुना आहे एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत, प्रयोगशाळेत तपासून बघितलं. जुनं आहे म्हणून ऐकून घ्यावं, तपासायचं मात्र आपण.

आईच्या दहा बैठका झाल्या. जिना उतरताना कठड्याला धरते, पण आता मधे थांबत नाही. सुयांमुळे की सोबत सुरू केलेल्या व्यायामामुळे, देव जाणे. सुया चालू ठेवायला माझी ना नाही. फक्त रोज सकाळी फोन करून मी एकच विचारते, "आई, गोळी घेतलीस?"