पासवर्ड बरोबर, तरी दार बंद: महाड-पोलादपूरची मुलं आणि प्रवेश परीक्षांची दीडशे वर्षं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी पोलादपूर तालुक्यातला. बीटेक केलं, आता सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. दर रविवारी सकाळी दोन तास महाड आणि पोलादपूरच्या अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवतो, बहुतेक वेळा ऑनलाइन, गावी आलो की समोरासमोर. मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: "दादा, आपल्याकडून कुणी मोठ्या परीक्षेत पहिलं आलंय का कधी?" आजचा एपिसोड या प्रश्नामुळेच सुचला. उत्तर आहे "हो, आलंय." पण त्या उत्तराला जोडून आणखी एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती जास्त महत्त्वाची आहे.

सुरुवात थोडी मागून करूया. प्रवेश परीक्षा म्हटलं की आपल्याला जेईई, नीट, सीईटी आठवतात. पण आपले आजोबा-पणजोबा ज्याला "मॅट्रिक" म्हणायचे, ती मुळात एंट्रन्सच होती. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक्युलेशन झाली. मॅट्रिक म्हणजे शाळा संपल्याचं सर्टिफिकेट नव्हे, विद्यापीठात शिरण्याचा परवाना. महादेव गोविंद रानडे त्या पहिल्या बॅचचे. बसलेल्यांपैकी बहुतेक जण नापास झाले होते. म्हणजे "यंदा पेपर अवघड होता" ही तक्रारही तेवढीच जुनी असणार!

क्लासेसही काही कोटा किंवा लातूरनं शोधून काढलेले नाहीत. लोकमान्य टिळक पुण्यात वकिलीच्या परीक्षेसाठी लॉ क्लास चालवायचे. गरीब मुलं वार लावून जेवायची, माधुकरी मागायची आणि वरच्या वर्गातली मुलं खालच्या वर्गातल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन फी भरायची.

आता कोकणात येऊ. मला यात तीन दारं दिसतात.

पहिलं दार: परीक्षेपर्यंत पोहोचणं.

साल १८७५. दापोलीजवळच्या मुरूडचा एक सतरा वर्षांचा मुलगा. त्याला सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती आणि केंद्र होतं साताऱ्याला. पावसाचे दिवस. हा मुलगा सोबत्यांबरोबर चालत निघाला. जवळजवळ ११० मैल, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटर, सह्याद्री चढून, भिजत. आपल्यापैकी जे आंबेनळी घाटातून पोलादपूरहून महाबळेश्वरला गेलेत, त्यांनी तो घाट भर पावसात, पायी आणि डांबरी रस्त्याशिवाय डोळ्यांसमोर आणावा. तर हा मुलगा पोहोचला. आणि तिथल्या साहेबांनी त्याच्याकडे बघून सांगितलं, तू सतरा वर्षांचा वाटत नाहीस. परीक्षेला बसूच दिलं नाही.

तो मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे, आपले महर्षी कर्वे. पुढे कोल्हापूरहून ते ही परीक्षा पास झाले. मुंबईत कॉलेजला असताना शिकवण्या करून खर्च भागवला, नंतर फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक झाले आणि १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं. शेवट गोड झाला म्हणून ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो. पण तेवढंच चालत जाऊन परत पाठवलेली आणि पुन्हा न निघालेली मुलं किती असतील, त्यांची चरित्रं कुणी लिहिली नाहीत.

दुसरं दार: सांगणारं, शिकवणारं माणूस.

महाड तालुक्यात, रायगडाच्या वाटेवर नाते नावाचं गाव आहे. १८९६ मध्ये तिथे चिंतामण द्वारकानाथ देशमुखांचा जन्म झाला. वडील रोह्याला वकील. मुलगा पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलला गेला आणि १९१२ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिला आला. संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यालाच. नंतर केंब्रिज. १९१८ मध्ये लंडनला आयसीएसची परीक्षा दिली आणि तिथेही पहिला! हेच सी. डी. देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि नंतर देशाचे अर्थमंत्री. तेव्हा मुलांनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे: आपल्या तालुक्यातला मुलगा जगातल्या सगळ्यात अवघड समजल्या जाणाऱ्या परीक्षांपैकी एकीत पहिला आलाय.

हुशारी त्यांची होतीच. पण घरात शिकलेले वडील होते, मुंबईतली चांगली शाळा होती, आणि आयसीएस तेव्हा फक्त लंडनला व्हायची, तिथवर जाण्याची सोयही झाली. घरी असं काहीच नसेल तर?

त्याच एल्फिन्स्टन हायस्कूलमधून पाच वर्षं आधी, १९०७ मध्ये, भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले होते. परळच्या चाळीतली एक खोली. वडील रामजी सुभेदार पहाटे दोनला उठवून अभ्यासाला बसवायचे. ते स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते, म्हणून घरात शिक्षणाची किंमत माहीत होती. आणि घराबाहेर भेटले कृष्णाजी अर्जुन केळुस्कर. विल्सन हायस्कूलचे हे शिक्षक चर्नी रोडच्या बागेत बसायचे. तिथे वाचत बसणारा हा मुलगा त्यांना दिसला. त्यांनी त्याला पुस्तकं दिली. मॅट्रिक पास झाल्यावरच्या सत्कारात स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे फीचा प्रश्न आला तेव्हा सयाजीराव गायकवाडांपर्यंत शब्द टाकला आणि बडोद्याची शिष्यवृत्ती मिळवून दिली.

मी शिकवायला बसतो तेव्हा मला केळुस्कर आठवतात. त्यांनी काही फॉर्म्युले पाठ करून घेतले नव्हते. पुस्तक कुठलं, मदत कुणाकडे मागायची, अर्ज कुठे करायचा, हे त्यांना माहीत होतं आणि त्यांनी ते सांगितलं. आपल्याकडे नेमकं हेच कमी पडतं.

तिसरं दार: पास झाल्यानंतरचं.

ही गोष्ट महाडची, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात मला ती कधी भेटली नाही.

१९०३ मध्ये महाडजवळच्या लाडवली गावात रामचंद्र बाबाजी मोरे यांचा जन्म झाला. देशमुखांपेक्षा सात वर्षांनी लहान, त्याच तालुक्यातले. १९१४ मध्ये, अकरा वर्षांचे असताना, ते शिष्यवृत्तीची परीक्षा पास झाले. महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश घ्यायला गेले. शाळेनं नाही म्हटलं. मार्क कमी नव्हते, वय कमी नव्हतं, कागद अपुरा नव्हता. कारण एकच, मुलगा अस्पृश्य ठरवलेल्या जातीतला.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर लॉगिन बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी ऍक्सेस नाही.

या अकरा वर्षांच्या मुलानं गप्प बसण्याऐवजी तक्रार लिहिली. ती वर्तमानपत्रापर्यंत गेली. बोभाटा झाल्यावर शाळेला प्रवेश द्यावा लागला, पण त्याला बसवलं इतर मुलांपासून वेगळं. १९१२ मध्ये तालुक्यातला एक मुलगा विद्यापीठात पहिला येतो आणि दोनच वर्षांनी त्याच तालुक्यात दुसरा हुशार मुलगा शाळेच्या दारात अडवला जातो. दोन्ही गोष्टी आपल्याच आहेत. एक सांगायची आणि दुसरी झाकायची, असं करता येणार नाही.

पुढे काय झालं ते बघा. ४ ऑगस्ट १९२३ ला सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडला. सरकारी पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करा, आणि सार्वजनिक शाळा, कोर्टं, दवाखानेही. आंबेडकरांच्या १९०७ च्या मॅट्रिकच्या सत्काराचे अध्यक्ष हेच बोले होते. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. मग १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात परिषद भरली, आणि २० तारखेला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. ही परिषद घडवून आणण्यासाठी राबलेल्या मंडळींमध्ये एक चोवीस वर्षांचा तरुण पुढे होता. तेच आर. बी. मोरे.

आपण चवदार तळ्याला पाण्याचा सत्याग्रह म्हणतो, ते खरंच आहे. पण बोले ठरावात पाणी आणि शाळा एकाच वाक्यात होती. आणि महाडात तर तळ्याच्या तेरा वर्षं आधी शाळेच्या दारावर हा लढा एका लहान मुलानं एकट्यानं लढला होता.

आता आजकडे येतो.

दारं बरीच उघडलीत. महाडात पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय आहे. मुंबईच्या दिशेनं निघालं की लोणेऱ्याला १९८९ पासून बाबासाहेबांच्याच नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. पण तिन्ही दारं अजून थोडी थोडी अडतात.

पोहोचणं: सीईटी २०१९ पासून कॉम्प्युटरवर होते. त्यामुळे सेंटर मिळेल तिथे. माझ्या दोन विद्यार्थिनींचं सेंटर पनवेलकडे आलं, सव्वाशे किलोमीटरच्या पलीकडे. महामार्गाचा भरवसा नाही म्हणून दोघी आदल्या दिवशीच नातेवाइकांकडे जाऊन राहिल्या. ज्यांचे तिकडे नातेवाईक नाहीत त्यांनी काय करायचं? आणि २०२१ आठवतं ना? २२ जुलैला महाड पाण्याखाली गेलं, त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. घरातलं सगळं भिजलं, त्यात पुस्तकंही. सप्टेंबरमध्ये सीईटी होती. पुण्या-मुंबईतल्या मुलाला आणि चिखल उपसणाऱ्या मुलाला पेपर एकच.

सांगणारं माणूस: नियम सारखे बदलतात. २०१४ आणि २०१५ ला राज्यानं इंजिनिअरिंगसाठी जेईई मेन धरली, २०१६ ला पुन्हा सीईटी आणली. मेडिकललाही नीट आली. शहरातल्या क्लासवाल्याला हे त्याच संध्याकाळी कळतं. वाडीवरच्या मुलाला कुणीतरी फोन करून सांगावं लागतं. सीईटीत अकरावीचा अभ्यासक्रम साधारण २० टक्के आणि चुकीच्या उत्तराला निगेटिव्ह मार्किंग नाही, एवढी साधी गोष्टसुद्धा अनेकांना शेवटच्या महिन्यात कळते. तोवर मुलं प्रश्न कोरे सोडायची सवय लावून बसलेली असतात.

आणि तिसरं दार. चांगले पर्सेंटाइल आलेला मुलगा जात पडताळणीचं प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेयर, उत्पन्नाचा दाखला यात अडकतो. मार्क आहेत, पण कागद वेळेत नाही म्हणून राखीव जागा हातची जाते. हे १९१४ सारखं नाही. तेव्हा तोंडावर नाही म्हणत, आज "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" म्हणतात. पण घरी परत येणाऱ्या मुलाचा चेहरा फार वेगळा नसतो.

म्हणून आमच्या रविवारच्या वर्गात आता एक नियम आहे. अकरावीच्या दिवाळीत पहिलं काम कागदपत्रांची फाइल, मग इंटिग्रेशन. पालकांना हे विचित्र वाटतं. "सर, गणित कधी?" असं विचारतात. मी त्यांना आर. बी. मोऱ्यांची गोष्ट सांगतो. मग काही जण तिथल्या तिथे फोनवर शाळा सोडल्याचा दाखला शोधायला लागतात.

एक विनंती करून थांबतो. तुम्ही आपल्या भागातून शिकून बाहेर पडला असाल, तर पूर्ण विषय शिकवायला वेळ नसेल तरी चालेल. गावातल्या, वाडीतल्या एका मुलीला किंवा मुलाला तुमचा नंबर द्या. फॉर्म भरताना, कॅप राऊंडचे पर्याय टाकताना, सेंटर लांब आल्यावर, त्यांनी कुणाला फोन करायचा हे ठरलेलं असू दे. केळुस्करांनी बागेतल्या एका मुलाची चौकशी केली होती, सुरुवात तेवढीच होती.

आणि जे परीक्षा देणार आहेत त्यांना सांगतो: आज रात्री एक मॉक कमी सोडवा, पण दाखल्यांची फाइल उघडून बघा. काय कमी आहे ते लिहून काढा आणि सोमवारी तहसील कचेरीत जा.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.