ठाण्यातली आडनावं : ‘अर्धसत्य’ आणि मुंबईचा पोलीस

‘अर्धसत्य’बद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा वेलणकरच्या रागाबद्दल बोलतो. आज जरा त्याच्या आजूबाजूची माणसं बघू. चित्रपट १९८३चा, मोठ्या बॅनरबाहेर, समांतर प्रवाहात केलेला. दिग्दर्शक गोविंद निहलानी, पटकथा विजय तेंडुलकरांची, मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’.

त्याआधी हिंदी पडद्यावरचा इन्स्पेक्टर कोण असायचा? ‘जंजीर’मध्ये (१९७३) विजय खन्ना. ‘शक्ती’मध्ये (१९८२) अश्विनी कुमार, म्हणजे आडनावच नाही! गोष्ट मुंबईची, पण साहेब उत्तरेकडचा किंवा कुठलाच नाही. मराठी माणूस बहुधा हवालदार, तोही हसवण्यापुरता. इथे मात्र सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर आहे, आणि त्याचा बाप गावाकडे पोलिसातच होता. ऑगस्ट १९८२मध्ये मुंबईत पोलिसांचा संप होऊन रस्त्यावर दंगल पेटली होती, हे प्रेक्षक विसरले नव्हते. खाकीतल्या माणसालाही घर असतं, बाप असतो, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

आता हैदर अली. शफी इनामदारांनी केलेला वरिष्ठ अधिकारी. खात्यात टिकायचं कसं, कुणाकडून शब्द टाकायचा, हे त्याला पक्कं ठाऊक. पण बघा, तो मुसलमान आहे म्हणून त्याला एकदाही निष्ठा सिद्ध करावी लागत नाही. पुढे ‘सरफरोश’मध्ये (१९९९) इन्स्पेक्टर सलीमच्या वाट्याला नेमकं तेच दुखणं येतं. मला हैदर अली मोलाचा वाटतो तो यासाठी. तो चांगलाही नाही, वाईटही नाही, नोकरदार आहे.

लोबोचं तसं म्हणता येत नाही. नसीरुद्दीन शाह जीव ओततात, तरी निलंबित, दारूत बुडालेला ख्रिश्चन हा साचा हिंदी चित्रपटाचा जुनाच. रामा शेट्टीचंही तेच. १९६६नंतरच्या मुंबईत दाक्षिणात्य आडनावाचा गुंड दाखवणं ही निरागस निवड नव्हती. (गंमत म्हणजे निर्मात्यांपैकी एक मनमोहन शेट्टी!) अमरापूरकरांनी त्याला इतकं थंड, घरगुती केलं की आडनाव मागे पडतं, पण पुसलं जात नाही.

भूमिका वाटतानाही सरमिसळ आहे. मराठी बापलेक रंगवतात ओम पुरी आणि अमरीश पुरी, दोघेही पंजाबी. शेट्टी होतो मराठी नट. दिग्दर्शक कराचीत जन्मलेला. ही खरी मुंबई!

बाईचं काय? ज्योत्स्ना गोखले साहित्य शिकवते, विचार करते, आणि वेलणकरची हिंसा दिसल्यावर मागे सरते. स्मिता पाटीलमुळे ती नुसती ‘नायिका’ राहत नाही. पण ठाण्यात लक्षात राहील अशी एकही स्त्री अधिकारी नाही.

आणि जात? ‘-कर’वालं आडनाव गाव सांगतं, जात सांगेलच असं नाही. चित्रपटही हा विषय केंद्रात आणत नाही. मला ही त्याची सगळ्यात मोठी गप्प जागा वाटते. कारण कोठडीत मार खाऊन मरतो तो एक किरकोळ चोर, आरोप काय तर ट्रान्झिस्टर चोरल्याचा. वेलणकरला बालपण आहे, हैदर अलीला अनुभव आहे, लोबोला भूतकाळ आहे. या चोराला घर नाही, बाप नाही. त्याच्या मृत्यूनंतर कथा विचारते ती एवढंच, की आता वेलणकरचं काय होणार.